दिमोना म्हणजे फक्त अणुभट्टी नव्हे

तुमचा लेख आवडला, पण त्यात इस्रायलमधल्या दिमोनाला अणुभट्टीचं गाव म्हणून एका ओळीत उरकलंत, ते मनाला लागलं. भट्टीच्या आधी तिथे माणसं आली होती. 1955 साली नेगेवच्या वाळवंटात ही वसाहत उभी राहिली. पहिली कुटुंबं मोरोक्कोकडची. मृत समुद्राकाठचे कारखाने आणि पुढे कापडगिरण्या, यांवर त्यांनी संसार उभे केले.

आणि आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली! अलिबागकडचे तेली, मुंबईतले कारकून थेट त्या रखरखाटात जाऊन राहिले. वर त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा कुठे 1964 साली सरकारने मान्य केलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. याचा लेखात उल्लेख हवाच होता.

लहानपणी अलिबागला शेजारच्या बेने इस्रायली आजींकडे मलिदा, म्हणजे त्यांचा नैवेद्याचा विधी, व्हायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वर फळं आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव. मोठ्या परातीतून आमच्या ओंजळीत प्रसाद यायचा. त्यांची मुलं पुढे दिमोनाला गेली. तिथेही मलिदा होतो, म्हाताऱ्या बायका अजून मराठीत बोलतात. कृपया त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख लिहा.