आंब्याचा पल्प झाला, मग मालकी कशावर?

उधारीवर माल देताना ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी विक्रेत्याची’ अशी अट घालावी, या माझ्या लेखावर देवगडहून आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेतला राग मला पटतो, निष्कर्ष पटत नाही. ‘पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आमची, हे बिलावर छापून काय उपयोग? कॅनिंगवाल्याने पल्प केला, डबे विकले, आम्ही बसलो हात चोळत,’ असं तुम्ही लिहिलंत. आंब्यापुरतं ते खरंच आहे. तुमचा हापूस चार बागायतदारांच्या आंब्यात मिसळला, त्याचा गर निघाला, की मालकी सांगायला वस्तूच उरत नाही. कॅनिंगला आंबा घालणाऱ्याने या अटीवर विसंबू नये. गाडी सुटण्याआधी जमेल तेवढी रक्कम हातात घ्यावी.

पण माझा लेख बोटीच्या इंजिनाबद्दल, बर्फ कारखान्याच्या कॉम्प्रेसरबद्दल होता. तिथे नंबर कोरलेला असतो, वस्तू बोट दाखवून ओळखता येते. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 25 प्रमाणे, ठरलेली अट पुरी होईपर्यंत माल ताब्यात देऊनही मालकी विक्रेत्याकडे ठेवता येते. अट नसेल तर उधारीवर माल उतरवला की साधारणपणे मालकीही जाते आणि माल अडवून धरण्याचा हक्कही. मग घेणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, की पुरवठादार तारण घेतलेल्या बँकेच्या मागे रांगेत. 2016 चा दिवाळखोरी कायदा करारान्वये कंपनीकडे असलेली दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरत नाही. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असताना वसुलीवर स्थगिती असते, तोवर ती उचलून आणता येत नाही, पण दावा ‘माझे पैसे द्या’ एवढाच राहत नाही, ‘माझी वस्तू द्या’ असा होतो. हा फरक फार मोठा आहे.

बिलावर छापण्याबद्दल मात्र तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. माल उतरल्यावर हातात पडणाऱ्या बिलावरची ओळ लंगडी असते, कारण सौदा आधीच ठरलेला असतो. अट कोटेशनवर हवी, आणि त्यावर घेणाऱ्या पार्टीची सही माल निघण्याआधी हवी. तरीही पार्टीने ते इंजिन काही ठाऊक नसलेल्या तिसऱ्याला प्रामाणिक व्यवहारात विकलं, तर मालविक्री कायद्याचं कलम 30 त्या तिसऱ्याच्या बाजूने उभं राहू शकतं. आणि कुलूप तोडून वस्तू आणायला जाऊ नका. गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.

एक गोष्ट लेखात ठळक यायला हवी होती, म्हणून इथे लिहितो. त्याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर जोखीम मालकीबरोबर राहते. जुलै 2021 मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय. तशा पाण्यात तुमच्या मालकीचा कॉम्प्रेसर बुडाला तर नुकसान तुमचं. म्हणून त्याच कागदावर हेही लिहून घ्या: ‘माल उतरवल्यापासून जोखीम खरेदीदाराची, आणि विमा त्याने उतरवायचा.’