पुढे असलेल्या मुलीसाठी शाळेकडे काय मागितले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,

मागील लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. जिल्हा परिषदेच्या शाळांत उमेदीची वर्षे घालवलेल्या शिक्षकाच्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणे योग्य ठरले नसते, म्हणून हे थोडे लांबले आहे.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी मुलगी सोलापुरात महापालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत शिकते. गणिताच्या तासापुरते तिला सातवीच्या वर्गात बसू द्यावे आणि जो घटक तिला आधीच येतो त्यावरील स्वाध्यायाऐवजी दुसरे काम द्यावे, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे केला होता. इतर पालकांनीही असे अर्ज का करावेत हे त्या लेखात मांडले होते. आपले म्हणणे असे की, ज्या वर्गात कित्येक मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही तेथे पुढे असलेल्या एका मुलीसाठी वेगळी सोय मागणे हा स्वार्थ आहे. हुशार मूल कोठेही ठेवले तरी शिकते. आणि एवढ्यानेही समाधान होत नसेल तर शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदय आहे, खासगी शाळा आहेत. ‘हे अमेरिकेतून आलेले खूळ आहे’ असेही आपण शेवटी म्हटले आहे. त्याविषयी एवढेच सांगते, की बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार करण्यासाठी आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती १९६२ साली, आणि तिचे केंद्र आपल्या सोलापुरातही आहे.

खरा मुद्दा हुशार मूल कोठेही शिकते की नाही हा आहे. वर्गात जे घडते ते आपण माझ्याहून अधिक पाहिले आहे. फळ्यावरची उदाहरणे पहिल्या दहा मिनिटांत सोडवून झालेल्या मुलाला ‘आता गप्प बस’ असे सांगितले जाते, नाहीतर इतरांच्या वह्या तपासायला दिल्या जातात किंवा कार्यालयातून खडू आणायला पाठवले जाते. त्याला त्रास होत नाही, त्याचा कोणाला त्रास होत नाही, आणि प्रगतिपुस्तकात उत्तम शेरे येत राहतात. मात्र या वर्षांत एक गोष्ट ते मूल शिकत नाही, ती म्हणजे न सुटणाऱ्या उदाहरणापाशी बसून राहणे. नववीत बीजगणित पहिल्यांदा अडते तेव्हा अडण्याची सवयच नसलेले हे मूल स्वतःला ‘ढ’ ठरवून मोकळे होते. त्यातही माझ्यासारख्या घरातले मूल कसेबसे निभावून जाईल, कारण घरी शिकलेले आईवडील आहेत आणि हिराचंद नेमचंद वाचनालयाचे सभासदत्व आहे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर दोन पाळ्यांत राबणाऱ्या घरातल्या, किंवा हजार विड्यांच्या हिशेबावर मजुरी मिळवणाऱ्या आईच्या मुलीला यातले काय उपलब्ध आहे? ती मुलगी विड्यांचा हिशेब आईच्या आधी तोंडी करत असेल, पण घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असल्याने मराठीतले शाब्दिक उदाहरण तिला अडत असेल, आणि गुरुजनांच्या नोंदीत ती ‘साधारण’ राहत असेल. जे शाळेने द्यायचे ते शाळेने दिले नाही, तर ज्यांना विकत घेता येते ते घेतात. उरलेल्यांचे जे नुकसान होते ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ही मागणी सरकारी शाळेत करणे मला स्वार्थाच्या अगदी उलट वाटते.

दुसरे असे की, मी सवलत मागितलेली नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत; त्यांत प्रत्येक बालकाची शिकण्याची क्षमता पारखून त्यानुसार आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे एक आहे. तेथे ‘प्रत्येक’ म्हटले आहे, केवळ मागे पडलेले असे म्हटलेले नाही. कलम २९ मध्ये अभ्यासक्रमाने बालकाचे ज्ञान, सुप्त क्षमता आणि प्रतिभा यांची जोपासना करावी अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तर विशेष गती असलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख करून, शिक्षकांनी त्यांना पूरक साहित्य व मार्गदर्शन द्यावे, शाळा ते जिल्हा पातळीवर विषयवार मंडळे असावीत, असे सुचवते. धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि महापालिकेच्या शाळेत गणित मंडळ अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाही; तरीही अर्ज करणाऱ्या पालकाने आपण भीक मागत आहोत असे समजू नये, एवढे बळ या तरतुदी नक्कीच देतात. वर्ग गाळून थेट सातवीत घाला, असे मी म्हटलेले नाही, हेही येथे स्पष्ट करते. तोच कायदा वयानुरूप वर्गाचा आग्रह धरतो, आणि इतर विषयांत, खेळात, डब्याच्या वेळी तिने आपल्या वयाच्या मुलींतच असावे असे मलाही वाटते.

आपल्या प्रतिक्रियेतील सर्वांत वजनदार भाग शिक्षकांवरील ओझ्याचा आहे आणि त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ देते. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती भरण्यातच किती तास जातात हे कोणत्याही शिक्षक खोलीत बसले की कळते. म्हणूनच मागणी अशी हवी की जिला नवे पद लागत नाही आणि नवा निधी लागत नाही. घटक शिकवून झाल्यावर घेतली जाणारी चाचणी या मुलीला घटकाच्या आरंभीच द्यावी. बहुतेक सर्व सुटले तर त्या घटकाचे स्वाध्याय तिला माफ करून सातवीच्या तासाला पाठवावे. आमची शाळा सातवीपर्यंतची असल्यामुळे तो वर्ग त्याच व्हरांड्यात आहे. एकच खरी अडचण आहे, ती वेळापत्रकाची.

आणि ही पद्धत आपल्या शिक्षकांना नवी नाही. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमापासून २०२१ च्या ‘निपुण भारत’ या केंद्राच्या अभियानापर्यंत मुलांचे स्तर पाहून गट करण्याचे काम ते करतच आले आहेत. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने तर तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवण्याची रीत देशभर नेली. मूल जेथे आहे तेथून शिकवायचे, हे तत्त्व मागे असलेल्या मुलासाठी मान्य होते, आणि तेच पुढे असलेल्या मुलासाठी मागितले की स्वार्थ ठरते, हे मला उमगत नाही. आपण द्विशिक्षकी शाळेत होतात असे लिहिले आहे; तेथे दुसरीतले एखादे चुणचुणीत पोर चौथीचा धडा कान देऊन ऐकत बसलेले आपण निश्चित पाहिले असेल, आणि मला खात्री आहे की आपण त्याला गप्प केले नसेल.

प्रत्येक आईला आपले मूल हुशारच वाटते, हा टोला मला मान्य आहे. त्यासाठीच आईचा शब्द प्रमाण मानू नये, आणि वर्गातले गुणही मानू नयेत, कारण पाचवीच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले म्हणजे मूल पाचवीच्या किती पुढे आहे हे कळत नाही. सातवीची जुनी संकलित चाचणी देऊन पाहावी. तीत पन्नास टक्के मिळाले तरी ते पाचवीतल्या शंभरांपेक्षा अधिक सांगतात. वर्गशिक्षकांची निवडही पुरेशी नसते, कारण सुवाच्य अक्षर आणि आज्ञाधारकपणा यांकडे नजर आधी जाते. एका चाचणीवर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे आहे: १९२१ साली कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी बुद्धिमान मुलांचा जो प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्याच्या निवडीत विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ ही दोन मुले बसली नाहीत, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

राहिले आपण सुचवलेले पर्याय. शिष्यवृत्ती परीक्षा चांगली आहे, पण ती निवड करते, शिकवत नाही. तिच्यासाठीच्या जादा तासांत बहुतेक वेळा सरावसंचच सोडवून घेतले जातात. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि त्यामुळे कितीतरी मुलांचे शिक्षण टिकते, परंतु पाचवीतल्या मुलीला आज गणिताच्या तासाला काय करायचे, याचे उत्तर त्यात नाही. मोहोळ तालुक्यातील पोखरापूरच्या नवोदय विद्यालयात सहावीसाठी फार तर ८० जागा असतात आणि किमान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना असतात, जे योग्यच आहे. शहरातल्या विडी कामगाराच्या मुलीसाठी मात्र ते दार अरुंद आहे. खासगी शाळेविषयी मी काही लिहित नाही. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत उत्तम काम होऊ शकते हे माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी दाखवले आणि २०२० मध्ये जगाने त्याची दखल घेतली. अर्थात, एका असाधारण शिक्षकावर सगळी व्यवस्था उभी राहत नाही हेही खरे आहे.

‘उद्या प्रत्येक पालक असा अर्ज घेऊन आला तर?’ असे आपण विचारले आहे. आले तर बरेच होईल. मुख्याध्यापकांना मग सगळ्या शाळेचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवावा लागेल, आणि पाचवीतल्या ज्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही तेही त्या तासाला तिसरीच्या गटात बसून ती शिकू शकेल. सगळेच इकडून तिकडे जात असल्यामुळे त्याला लाजही वाटणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच तयार करते, तेव्हा हा प्रश्न तिच्यापुढेच जायला हवा. माझा अर्ज समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला गेला आहे. दोन शिक्षकांत चार इयत्तांचे वेळापत्रक आपण कसे बसवत होतात, ते कृपया लिहून कळवावे. बैठकीत मी ते आपल्या नावानिशी वाचून दाखवीन आणि इतिवृत्तात नोंदवून घेईन.