सडा हिरवा करायचाय? मग हे ऐका

यंदाच्या वनमहोत्सवात गावचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, हिरवा करायचं तुम्ही मनावर घेतलंच आहे, तर आधी त्याला 'पडीक' म्हणायला लागा. श्रावणात तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू ही रानफुलं फुलतात, जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) झरीला मिळतं, गुरं चरतात, हे चुकूनही बोलू नका. २०३०पर्यंत २.६ कोटी हेक्टर बिघडलेली जमीन सावरायचं वचन देशाने दिलंय; तुमचा सडा बिघडलेला नसेल तर त्या हिशेबात धरणार कसा?

खड्डे जेसीबीनेच मारा. जांभा फोडून केलेला खड्डा म्हणजे दगडी कुंडी. गोव्याच्या तीनेक हजार मिलिमीटर पावसात तिच्यात पाणी तुंबतं, मुळं कुजतात, त्यातून वाचलेलं रोप एप्रिलमध्ये वाळतं. तोवर फोटो छापून आलेला असतो. रोपाची प्लास्टिकची पिशवी काढत बसू नका, पाहुणे खोळंबतात. पिशवीत गोल गोल वळलेली मुळं पुढेही तशीच वळत राहतील, वरून काही दिसत नाही. शिवाय पुढच्या वर्षी खड्डा आयता मिळतो.

झाड? अकेशिया. मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं, पण खाणींच्या डंपांवर इतकं रुळलंय की मतदारयादीत नाव सापडावं. त्याची चिवट पानं लवकर कुजत नाहीत, त्या थराखाली दुसरं फारसं उगवत नाही, पण उपग्रहाला सगळं हिरवंगार दिसतं. माट्टी राज्यवृक्ष खरी, पण ती सावकाश वाढते आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. चवथीला गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीत अकेशियाची शेंग बांधता येत नाही, ते घरचे बघून घेतील.

कोणीतरी शहाणा पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचा दाखला देईलच. तिथल्या याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८०च्या दशकात जुनीच पद्धत सुधारली: ऐन उन्हाळ्यात कडक जमिनीत वीत-दीड वीत रुंद खड्डे खणायचे, शेणखत भरायचं. वाळवीने माती भुसभुशीत केली, पहिला पाऊस तिथेच जिरला, धान्याबरोबर झाडंही आली. शेजारच्या नायजरमध्ये तर लोकांनी रोपं लावलीच नाहीत. शेतात जिवंत असलेल्या खुंटांचे फुटवे राखले आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं उभी राहिली. ऐकून घ्या, मान डोलवा. पण फुटवा राखायचा तर फीत कुठे कापणार? 'लावलेली रोपे' या रकान्यात शून्य भरणार?

भाषणात हवामानबदलाचं नाव दोनदा तरी घ्या. पाऊस एका दिवसात कोसळून गेला किंवा त्याने पंधरवडाभर दडी मारली, तर मेलेल्या रोपांचं खापर फोडायला ते बरं पडतं. मार्चमध्ये टँकर मागणाऱ्या पंचाला पुढच्या समितीत घेऊ नका. आणि हो, अहवालाच्या फॉर्मात 'जगलेली रोपे' असा रकाना निघालाच, तर क्लार्काकडे जुना फॉर्म मागा. त्याच्या कपाटात अजून गठ्ठा आहे.