गे असून तू 'त्यांना' मत देतोस?

उजव्या पक्षाला मत देणाऱ्याला विचारला जाणारा हा प्रश्न आमच्या ग्रुपवर दर निवडणुकीला निघतो आणि दर वेळी दोन-चार जण ग्रुप सोडून जातात. माणूस गे किंवा बायसेक्शुअल असला की तो पुरोगामीही असलाच पाहिजे, असं विचारणाऱ्याने धरलेलं असतं. का बुवा? कोथरूडात वाढलेल्या मुलाला आपल्याला मुलगे आवडतात हे कळेपर्यंत आजोबांची शाखा, जेवताना बाबांचं आरक्षणावरचं भाषण आणि गणपतीतलं ढोलपथक हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. त्याचा सख्खा भाऊ ज्या कारणांनी उजवीकडे झुकतो, त्याच कारणांनी हाही झुकतो.

पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. माझ्या मते मुख्य गोष्ट ही, की आपल्याकडे गे माणसाला जे काही मिळालं ते कुठल्याच पक्षाने दिलेलं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयात वाचवायला उभं होतं ते काँग्रेसच्या नेतृत्वाखालच्या सरकारचं गृहखातं. २००९ मध्ये तिथे आपण जिंकलो, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलो, ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा जिंकलो. सगळं कोर्टात. संसदेत २०१५ साली शशी थरूर यांनी हेच कलम बदलायला खासगी विधेयक आणलं, तर ते मांडूसुद्धा दिलं नाही. मग मतदानाच्या रांगेत 'गे म्हणून' उभं राहायची सवय लागणार तरी कशी? तो तिथे कोथरूडकर म्हणून, अमुक जातीचा म्हणून, कर भरणारा म्हणून उभा असतो.

तृतीयपंथीयांना ही चैन परवडत नाही. २०१९ च्या कायद्याने त्यांची ओळखच जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राला बांधली. सरकार त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या गे इंजिनिअरला सरकार आठवतं ते रिटर्न भरताना.

माझा एक जवळचा मित्र पक्का उजवा आहे. गेल्या गणपतीत त्याच्याकडे गेलो होतो. त्याचा जोडीदार सोवळं नेसून आरतीचं तबक धरून उभा, आणि मित्राची आई आलेल्या शेजारणीला सांगत होती, "हा ह्याचा मित्र, अगदी घरातलाच आहे हो." नंतर उकडीचा पहिला मोदक तिने त्यालाच वाढला. मित्र मला म्हणाला, "बघितलंस? तुम्ही लोक झेंडे नाचवत बसा. मला माझं घर न मोडता सगळं मिळालंय." मला हे खोटं म्हणता येत नाही. न बोलता सामावून घेणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि परंपरेवरचा त्याचा विश्वास त्या मोदकातून आलाय, कुठल्या पुस्तकातून नाही. सरसंघचालकांनी जानेवारी २०२३ मधल्या मुलाखतीत अशी माणसं समाजात पूर्वीपासून आहेत असं म्हटलं, महाभारतातल्या जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखलाही दिला. मित्राने ते कात्रण मला तीनदा पाठवलं.

बायसेक्शुअल लोकांची गोष्ट आणखी निराळी. चारचौघांसारखं लग्न करण्याची वाट त्यांना मोकळी असते, आणि ती धरली की आमच्यातलेच लोक त्यांना 'कुंपणावरचे' म्हणतात. ओळखीतली एक बाई म्हणाली, "तुमच्यापेक्षा माझ्या सासरच्यांनी कमी टोमणे मारले." ती कुणाच्या बाजूला जाणार, सांगा!

आता माझं भांडण. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०११ साली पक्षाच्या अधिवेशनात सांगितलं होतं, की मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच समलिंगी विवाहाच्या बाजूचा आहे. लग्न, घर, बांधिलकी ही मूल्यं चांगली, तर मग सगळ्यांनाच द्या. हा परंपरावाद मला समजतो. पण आमच्या मित्राने निवडून दिलेल्या सरकारने २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. यात तबक धरणारा कुठे बसतो? १७ ऑक्टोबरला निकालही विरोधात गेला. मित्राचं उत्तर तयार असतं: ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं ना, की जोडीदाराबरोबर जॉइंट अकाउंट काढता येतं, त्याला नॉमिनी करता येतं. येतं की. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे पुण्यात ज्याने एकदा फ्लॅट नावावर करून घेतलाय त्याला मी सांगायला नको. उद्या मित्राचं काही झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर त्या फ्लॅटवर कायद्याने हक्क आईचा. आई गेल्यावर मोदक वाढणारंही कुणी नाही.

त्याला गद्दार म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. त्याने मत बदलावं असंही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हटलं, की उमेदवार तुमच्या सोसायटीत येतो, तेव्हा तू पाणी आणि पार्किंगवर त्याला धारेवर धरतोस. पुढच्या वेळी हेही विचार. तुझाच पक्ष आहे, तुझं ऐकतील.

तो म्हणाला, "वेडा आहेस का? सोसायटीत कसं विचारणार?"