कोल्ड्रिंकऐवजी पाणी आणि महिन्यात 10 किलो : हिशेब जुळत नाही

‘कोल्ड्रिंक बंद करा, फक्त पाणी प्या आणि महिन्याभरात 10 किलो वजन घटवा,’ असा संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हापुन्हा फिरत असतो. कोमट पाण्याने चरबी वितळते, उसाचा रस आणि मध नैसर्गिक असल्याने कितीही चालतात, ‘डाएट’ पेये (साखरेऐवजी कृत्रिम गोडवे घातलेली) मात्र साखरेपेक्षाही अधिक वजन वाढवतात, अशी पुरवणीही त्याला जोडलेली असते. गोड पेयाच्या जागी पाणी पिणे हा सल्ला चांगलाच आहे. आक्षेप आहे तो त्याभोवती रचलेल्या दाव्यांवर.

प्रथम 10 किलोंचा दावा पाहू. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 140 कॅलरी असतात. शरीरातील एक किलो चरबी कमी होण्यासाठी ढोबळमानाने 7,700 कॅलरींची तूट पडावी लागते. म्हणजे 10 किलोंसाठी 77,000 आणि 30 दिवसांत ती साधायची तर रोज सुमारे 2,570. निव्वळ कोल्ड्रिंक सोडून एवढी तूट पडायची असेल, तर त्या माणसाने आधी रोज 18 कॅन, म्हणजे जवळजवळ 6 लिटर कोला रिचवलेला असला पाहिजे. (असा कोणी असेलच तर त्याने संदेश वाचत न बसता डॉक्टरांना गाठावे.) रोज एकच कॅन पिणाऱ्याने तो सोडला आणि बाकी आहार तसाच ठेवला, तर महिन्याला फार तर अर्धा किलो घटेल, पुढे वजन उतरेल तशी शरीराची गरजही कमी होत असल्याने हा वेग मंदावतो.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या 318 प्रौढांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांत गोड पेयांऐवजी पाणी घेणाऱ्यांचे वजन सरासरी 2 टक्के, डाएट पेये घेणाऱ्यांचे 2.5 टक्के, तर पेयांबद्दल कोणतीही सूचना न मिळालेल्या, केवळ आहाराचे सर्वसाधारण मार्गदर्शन घेणाऱ्या गटाचे 1.8 टक्के घटले. 80 किलोंच्या माणसाच्या बाबतीत 2 टक्के म्हणजे 1.6 किलो, आणि तेही सहा महिन्यांत. डाएट पेयांनी वजन साखरेपेक्षा जास्त वाढते, हा दावाही याच आकड्यांपुढे टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन नियंत्रणासाठी कृत्रिम गोडव्यांवर विसंबू नये असे सुचवले, हे खरे. परंतु ते साखरेहून वाईट आहेत, असा त्याचा अर्थ होत नाही.

कोमट पाण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्यायलेले पाणी आतड्यांतून रक्तात जाते आणि शरीराच्याच तापमानाचे होते. कढईतल्या तुपासारखी चरबी त्याने पातळ होत नाही.

खरी दिशाभूल ‘नैसर्गिक’ या शब्दाने होते. उसाच्या रसात दर 100 मिलिलिटरमागे 13 ते 15 ग्रॅम साखर असते, म्हणजे रसवंतीतला 250 मिलिलिटरचा पेला कोलाच्या कॅनच्या बरोबरीचा ठरतो. मध आणि फळांच्या रसातील साखर जागतिक आरोग्य संघटना ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजते आणि अशी सगळी साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्य तर 5 टक्क्यांच्या आत, ठेवावी असे सांगते. कोकम सरबताला आणि पन्ह्यालाही, त्यात गूळ घातला तरी, हाच हिशेब लागू आहे. साखर न घातलेले ताक मात्र खुशाल प्यावे.

आणि ज्या पेयातून आपल्याकडे अनेक घरांत रोज साखर पोटात जाते, त्या चहाविषयी हा संदेश अवाक्षरही काढत नाही. बहुधा तो चहा पितापिताच पुढे पाठवला जात असावा. कपाला दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, या मापाने दिवसाचे चार कप घेणारा माणूस केवळ साखरेतून 160 कॅलरी घेतो, म्हणजे कोलाच्या एका कॅनपेक्षा जास्त. लग्नकार्यापुरतेच कोल्ड्रिंक पिणाऱ्याने ते सोडून वजनात फरक पडणार नाही. त्यानेच रोजच्या चार कप चहातला कपामागे एक चमचा साखर कमी केली आणि ती तूट दुसऱ्या खाण्याने भरून काढली नाही, तर महिन्याला 2,400 कॅलरी वाचतात; चरबीच्या हिशेबात सुमारे 300 ग्रॅम.