रीडमीत नाव टाकलं की झालं ओपन सोर्स?

इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. 'कोडिंग येत नसलं तरी चालेल. रीडमीत एक ओळ बदला, पुल रिक्वेस्ट टाका. प्रोफाइलवर हिरवे चौकोन आले की कंपन्या स्वतः विचारतील. मग समर ऑफ कोड, तिथून थेट गूगल. कोड एआय लिहून देईल, कुणी तपासत नाही.' ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. रीडमी म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइल, पुल रिक्वेस्ट (पीआर) म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती, हिरवे चौकोन म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कुठल्या दिवशी काम केलं ते दाखवणाऱ्या खुणा, आणि समर ऑफ कोड हा नवख्यांना ओपन सोर्सकडे आणणारा गूगलचा कार्यक्रम. भाचीने हा फॉरवर्ड मला पाठवून वर विचारलं, 'मामा, आजच टाकू का चार पीआर?' नको, बाई.

रीडमीपासूनच सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त नासधूस याच सल्ल्याने केलीय. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम; २०२० मध्ये त्यात चार पीआरवर टी-शर्ट मिळायचा. लोकांनी दिसेल त्या प्रकल्पाच्या रीडमीत कौतुकाचा एखादा शब्द घुसडून पीआर पाठवले. शेवटी आयोजक डिजिटलओशन कंपनीला ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला: जे प्रकल्प आपणहून सामील होतील, तिथलेच पीआर मोजायचे. यातून शहाणपण आलं म्हणावं, तर २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रकल्पाची पाळी. भारतातल्या शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुना म्हणून त्याचाच रीडमी उघडला होता. बघणाऱ्यांनी तिथेच आपापली नावं टाकून पीआर धाडले. असंख्य वेबसाइटी ज्याच्यावर चालतात, तो सांभाळणारी माणसं मोजकी, आणि त्यांनी बग सोडून ही हजेरी निस्तरत बसायचं! वर भारतातून आलेल्या नवख्याच्या चांगल्या पीआरकडेही मग कुणी संशयाने पाहिलं, तर दोष कुणाला द्यायचा?

आता एवढं मान्य करावंच लागतं की छोटा बदल हलका नसतो. इन्स्टॉल करायची कमांड जुनी झालीय, ती तुम्ही स्वतः चालवून पाहिलीत आणि दुरुस्त केलीत, तर मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, तो बदल आनंदाने मर्ज करेल, म्हणजे सामावून घेईल.

हिरवे चौकोन? गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल नोंदवायच्या साधनात, कमिटची (एकेका नोंदीची) तारीख आपल्याला हवी ती घालता येते. वर्षभराची हिरवळ एका संध्याकाळीही उगवते. पुढे चला.

समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. निवड मुख्यतः त्या त्या प्रकल्पाचे मेंटॉर (मार्गदर्शक) करतात, आणि ही नोकरीही नव्हे, इंटर्नशिपही नव्हे, असं गूगलच्याच प्रश्नोत्तरांत स्पष्ट लिहिलंय. आधी त्या प्रकल्पात काम केलेलं असेल तर निवडीत फायदा होतो, हे मात्र खरं.

राहिलं 'कुणी तपासत नाही.' हे लिहिणाऱ्याने लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, पॅच (कोडमधले बदल) कसे पाठवावेत यावरचं दस्तऐवज एकदा उघडावं. गिटहबवरच्या लिनक्सच्या प्रतीवर पीआर टाकून उपयोग नाही, पॅच ईमेलने जातात. आधी अडचण काय आहे ते सांगा, एका पॅचमध्ये एकच बदल ठेवा, शंकांना उत्तरं द्या, आणि आठवण करायच्या आधी किमान आठवडाभर थांबा, असं त्यात सांगितलंय. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून आपलं नाव घालायचं, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी हमी द्यायची. एआयने दिलेलं न वाचता चिकटवणारा ही हमी कशाच्या जोरावर देणार? मेंटेनरने 'ही ओळ कशासाठी?' असं विचारलं, की तो प्रश्नही एआयलाच डकवायचा आणि आलेलं उत्तर परत पाठवायचं. मग मेंटेनरने तुमच्याशी बोलावंच कशाला, एआय त्याच्याकडेही आहे.