आधी तो व्हिडिओ काढून टाका, मग बोलू

सकाळी सात वाजता चहाचा कप हातात घेऊन फॅमिली ग्रुप उघडला आणि समोर माझाच मुलगा. काल मामेभावाचं लग्न होतं, निफाडजवळच्या एका लॉन्सवर. व्हिडिओत तो खुर्च्यांच्या रांगेखाली आडवा पडलाय, दोन्ही हातांनी कान दाबलेत, डोकं जमिनीवर आपटतोय. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, मामींनी टाकलेला. खाली मजकूर, "बिचाऱ्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा." त्याखाली चौदा जणांनी जोडलेले हात. एका काकांनी लिहिलंय, "लाडाने होतं असं, आमच्या वेळी दोन रट्ट्यात सरळ व्हायची पोरं." त्यालाही तिघांचे अंगठे.

चहा तसाच राहिला.

नऊ वर्षांचा आहे तो. ऑटिझम आहे त्याला, मराठीत स्वमग्नता म्हणतात ते. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचा पँट ओली झालेला व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला तर चालेल का? नाही ना? मग माझा मुलगा काय सार्वजनिक मालमत्ता आहे?

मामींचा हेतू वाईट नव्हता, मान्य. बस, एवढंच मान्य.

आता काल काय झालं ते ऐका. मंगलाष्टकं स्पीकरवर, त्यात भटजींचा माइक शिट्टी मारतोय. अक्षता डोक्यावर, मानेवर, कॉलरच्या आत. "शुभमंगल सावधान" झालं आणि दहा फुटांवर ढोल सुरू. नाशिक ढोल. आम्ही नाशिकचेच, तक्रार तरी कुणाकडे करणार! तुम्हाआम्हाला तो आवाज म्हणजे आनंद. त्याला तो आवाज दुखतो. 'आवडत नाही' असं म्हणत नाहीये मी, 'दुखतो' म्हणतोय. दाताला थंड लागल्यावर कळ जाते ना, तशी ती कळ ढोल थांबेपर्यंत थांबतच नाही.

हट्ट करणारं पोरगं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असतं, आई बघतेय की नाही. हवी ती वस्तू मिळाली की रडणं बंद. खुर्चीखाली पडलेला माझा मुलगा कुणाकडेच बघत नव्हता. त्याला काही नको होतं, फक्त आवाज थांबायला हवा होता. याला मेल्टडाउन म्हणतात. अशा वेळी रट्टे देणं म्हणजे चटका बसलेल्याला, ओरडलास का म्हणून पुन्हा चटका देणं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सलून आहे. दोन खुर्च्या, भिंतीवर देवाचं कॅलेंडर, कोपऱ्यात टीव्ही. मुलगा साडेचार वर्षांचा असताना मी त्याला पहिल्यांदा तिथे नेलं. तोवर तो झोपला की बायको कात्रीने जमतील तसे केस कापायची. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून बसवलं, कपडा गुंडाळला, मशीन सुरू झालं आणि हा कडाडून त्या भाऊंच्या हाताला चावला. रक्त आलं. मी माफी मागत उठलो. भाऊंनी नळाखाली हात धरला, मशीन बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, याला मशीनचा आवाज नकोय, का मानेवर केस पडतात ते नकोय?"

मला माहीत नव्हतं. साडेचार वर्षं मी त्याचा बाप होतो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. 'असं का करतोस' एवढंच विचारत आलो होतो.

आणि आता ते सांगतो, जे इथे कधी लिहिलं नाही. तो तीन वर्षांचा असताना सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्थानकावर, गाडी फलाटाला लागताना ड्रायव्हरने हॉर्न दिला. हा खाली पडून किंचाळायला लागला, पन्नास माणसं बघायला लागली. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "बरं केलंत." मारल्याचा आवाज मी विसरलोय, ते "बरं केलंत" अजून कानात आहे. निदान व्हायला पुढे आठ महिने लागले. म्हणजे काका, तुमचे रट्टे देऊन झालेत. मीच दिलेत. सरळ-बिरळ काही झालं नाही. माझा हात वर गेला की तो डोळे मिटायला लागला, एवढंच झालं.

असो.

'स्वमग्न' हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. कागदोपत्री तोच चालतो, मीही वापरतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं पोरगं आपल्याच तंद्रीत आहे, जगाशी घेणंदेणं नाही. उलट आहे हो! याला तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची घरघर, शर्टाच्या मागचं लेबल, सगळं एकाच वेळी येऊन आदळत असतं. आपल्याला एक चाळणी मिळालीय, त्याच्या चाळणीची भोकं मोठी आहेत. सगळ्यांचं असंच असतं असं नाही. थेरपीला येणारा एक मुलगा ढोल दिसला की जाऊन त्याला पोटच चिकटवतो, त्याला आवाज कमीच पडतो. एकाला भेटलात म्हणजे एकालाच भेटलात.

मूल असं असण्याचा दोष कुणाच्या तरी पदरात टाकायची खोड जुनी आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तिथून या निदानाला नाव मिळालं. त्यानंतर वीसेक वर्षं तिथले मोठमोठे लोक सांगत राहिले की आई थंड स्वभावाची असल्यामुळे मूल असं होतं. 'फ्रिजसारख्या आया' असा शब्दच काढला होता. मग १९९८ ला लसीमुळे ऑटिझम होतो अशी आवई उठली, बारा मुलांवरचा पेपर, तो छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. पण ग्रुपवर तो दर सहा महिन्यांनी फिरतोच. आणि आपल्याकडचा माल वेगळाच. माझ्या बायकोला आजवर काय काय ऐकावं लागलंय: गरोदरपणी मोबाइल बघितला, ग्रहण पाळलं नाही, नोकरी सोडली नाही. मला एकानेही विचारलं नाही की तू काय पाळलं नव्हतंस. मेंदूची घडणच जन्माआधीपासून वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, हे तिने किती जणांना समजावायचं? तीही आता फक्त हसते.

परत सलूनकडे येतो. भाऊ म्हणाले, "मंगळवारी दुपारी दोनला आणा. मंगळवारी कोण केस कापतं? दुकान रिकामं असतं." आई घरी कडाडली, मंगळवारी केस कापतात का कुणी! तिला कसंबसं गप्प केलं. पहिल्या मंगळवारी टीव्ही बंद, पंखा बंद, अंगावर कपडा नाही. भाऊंनी कात्री त्याच्या हातात दिली, बोटांना लावून थंड लागते ते दाखवलं. मग म्हणाले, "मी तीन म्हणेपर्यंत. नंतर संपलं." एक, दोन, तीन. तीन कात्र्या. "झालं, जा घरी." पैसे घेतले नाहीत. पुढच्या मंगळवारी पाच. असे पाच मंगळवार गेले तेव्हा एक अख्खी कटिंग झाली. तोवर पोरगं महिनाभर एका बाजूने झिपऱ्या, एका बाजूने साफ असं फिरत होतं. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, केस व्यवस्थित कापून पाठवावेत. मी ती वही जपून ठेवलीय.

आमच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंना हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. "आम्ही पंचेचाळीस मिनिटांचे सातशे रुपये घेऊन हेच करतो," म्हणाल्या. आधी त्रास कशाचा ते शोधायचं, तो कमी करायचा, पुढे काय होणार ते आधी सांगायचं, कधी संपणार ते सांगायचं, आणि सांगितलेला शब्द मोडायचा नाही. तीन म्हटलं की तीनच.

थेरपी नको असं माझं म्हणणं नाही. स्पीच थेरपीने, चित्रांच्या कार्डांनी आमचं घर बदललं. पाणी, शू, पोट दुखतंय, बाहेर जाऊ, ही कार्डं फ्रिजवर लावल्यापासून निम्मं किंचाळणं गेलं. कार्ड दाखवायची सवय लागली की मूल बोलणारच नाही, असं सांगणारे भेटले. आमचा तर कार्डांनंतर जास्त बोलायला लागला. लवकर सुरुवात झाली तर चांगलंच, आणि दीड-दोन वर्षांचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणत बसू नका, दाखवून या. आम्ही बसलो होतो.

पण 'बरा करून देतो' म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका. आम्हाला एका ठिकाणी स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशी शरीरात सोडायच्या उपचाराचे, साडेतीन लाख सांगितले होते, हप्त्यांची सोयसुद्धा होती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमसाठी हा उपचार म्हणून सुचवता येत नाही. मी मात्र दागिन्यांचा हिशेब करून बसलो होतो. बायको म्हणाली, "आणि बरा झाला म्हणजे नक्की कोण होईल रे तो?" तिथे विषय संपला.

शाळांचं तर बोलायलाच नको. एका नावाजलेल्या शाळेने, "आमच्याकडे अशी सोय नाही," एवढंच सांगून फॉर्म परत केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. त्या मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, "बाकीच्या पालकांचाही विचार करावा लागतो ना." एका शिक्षिकेकडे पन्नास पोरं असतात, त्यांचीही अडचण असेल. असेल. पण दारातूनच परत?

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे सकाळपासून घशाखाली घास उतरत नाहीये.

आमचा लेक स्वतःची वाक्यं कमी बोलतो. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी वापरतो. लोकांना वाटतं पोपटपंची. नाशिकरोड स्टेशन त्याचं देऊळ आहे, तिथली घोषणा त्याला तोंडपाठ. काही बिनसलं, भीती वाटली, सहन होईनासं झालं की तो त्याच सुरात म्हणतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." घरात सगळ्यांना माहितीय. हे ऐकलं की हातातलं टाकून जायचं.

काल ढोल सुरू व्हायच्या आधी तो माझ्या बाहीला धरून हेच म्हणत होता. दोनदा तरी म्हणाला, मला ऐकू आलं होतं. मी साडूंशी कांद्याच्या भावाबद्दल बोलत होतो. कंपनीतून आणलेले त्याचे पिवळे इअरमफ, जे कानाला लावले की तो अख्खी वरात बघू शकतो, ते गाडीच्या डिकीत राहिले होते. "थांब रे एक मिनिट," म्हटलं. तेवढ्यात पहिला टिपरू पडला.

म्हणजे मामी, व्हिडिओ तुम्ही काढलात, पण त्याला खुर्चीखाली ढकलला मी. हे ग्रुपवर लिहिता येईना म्हणून इथे लिहितोय.

आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. रडत होत्या. म्हणाल्या, "अरे मला वाटलं सगळे देवाला सांगतील." व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकलाय त्यांनी. मी नीट बोललो नाही, एवढं लगेच जमत नाही मला. मग त्यांनी विचारलं, "त्याला आवडतं काय रे?" मी म्हटलं, रेल्वे, साधा वरण-भात आणि मंगळवार. पुढे त्या काहीतरी विचारत होत्या, पण मीच ठेवला फोन.

आतून आवाज येतोय. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तिसऱ्यांदा.

जातो.